जुन्नरच्या पोढी : घाट, पाणी आणि दाते

जुन्नरच्या लेण्यांचे वर्णन करणारे बहुतेक लेखक चैत्यगृहापाशी थांबतात. आम्ही या लेखात वाचकांचे लक्ष लेण्यालगत कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे वेधू इच्छितो. शिलालेखांच्या प्राकृतात या टाक्याला ‘पोढि’ म्हटले आहे, आणि ‘लेण’ या शब्दाच्या जोडीने तो वारंवार येतो. भिक्खूंना निवारा देणे आणि पाणी देणे या दोन्ही गोष्टी दात्यांनी एकाच पुण्याच्या मानल्या होत्या.

हे का घडले, याचे उत्तर भूमीच्या रचनेत आहे. जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसले आहेत. पश्चिमेस कोकणात कोसळणारा कडा, तर पूर्वेस कुकडी, मीना व घोड यांची रुंद होत जाणारी खोरी. कड्यालगत पावसाळ्यात अपरंपार पाणी. काही कोस पूर्वेला सरकताच पर्जन्यछाया सुरू होते. त्यातही कातळ बेसाल्टचा. त्यात पाणी फारसे मुरत नाही, वाहून जाते. वर्षावास संपला की डोंगरावरच्या संघाला पुढचे आठ महिने साठवलेल्या पाण्यावरच काढावे लागत. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंना अनुज्ञात केलेल्या पाच लेणांत गुहेचा समावेश आहे. परंतु सह्याद्रीत पोढीवाचून गुहा वस्तीयोग्य होत नाही.

या डोंगरात संघ इतक्या मोठ्या संख्येने का राहिला? त्याचे कारण नाणेघाट. कल्याण बंदरातून देशावर चढणारा व्यापार या घाटाने जुन्नरला येई. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख आहे. पुढे तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची आणि ब्राह्मणांना दिलेल्या दक्षिणांची लांबलचक यादी आहे. जुन्नर शहराभोवतालच्या डोंगरांतील लेख मात्र अगदी निराळे आहेत. तेथे राजे जवळजवळ नाहीतच. राजसत्तेच्या सर्वांत जवळचा दाता म्हणजे महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम. वर्ष ४६ च्या मानमोडीच्या लेखात त्याने एक पोढी व एक मंडप दिल्याचे नोंदले आहे.

बाकीचे दाते श्रमिक, व्यापारी आणि परदेशी आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. बांबूकाम करणाऱ्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्या श्रेणींकडे संघासाठी ठेवी ठेवल्या गेल्या. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे; समुद्रकाठचा माणूस घाट चढून येथे धम्माचे काम करून गेला. भिक्खुणींसाठी नगरातच उपाश्रय होता, तो धम्मुत्तरीय निकायाचा. शिवनेरीच्या चैत्यगृहाचा दाता वीरसेनक हा गृहपतींचा प्रमुख. आपले दान सर्व लोकांच्या हितसुखासाठी असल्याचे त्याने लेखात स्पष्ट लिहविले आहे.

ज्या भूमीत यवनाने पाणी दिले आणि ते संघाने स्वीकारले, त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. महाडजवळही गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत.

आज लेण्याद्रीला येणारे बहुसंख्य लोक गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनासाठी पायऱ्या चढतात. ते मंदिर म्हणजे २० खोल्यांचा विहार, लेणे क्रमांक ७. शेजारचे क्रमांक ६ म्हणजेच सुलसदत्ताचे चैत्यगृह. या स्थळाच्या मूळ इतिहासाबद्दल आम्ही बोलतो तेव्हा कोणाच्या श्रद्धेशी भांडण्याचा हेतू नसतो. भिंतीवर जे कोरले आहे तेवढेच वाचायचे असते.

पाण्याचा प्रश्न या खोऱ्यात अजूनही जुना झालेला नाही. घोड नदीवर डिंभे धरण झाले, त्यात ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगावच बुडाले. पश्चिमेच्या आदिवासी गावांची जमीन गेली आणि कालवे पूर्वेकडे वाहू लागले. ‘देयधम्म’ हा शब्द कोरणाऱ्यांच्या डोंगरासमोर हे घडले, याची नोंद इतिहासकाराने करून ठेवली पाहिजे.

आमच्या अभ्यासवर्गातील उपासक-उपासिका जुन्नरला सहलीसाठी जातात. त्यांना आमची एक सूचना आहे. जाण्यापूर्वी धम्मलिपीतील ‘प’ आणि ‘ढ’ ही दोन अक्षरे पाठ करावीत. त्याला अर्धा तास पुरतो. मग टाक्याजवळ लेख दिसला की प्रथम हा शब्द शोधावा, आणि त्यानंतर दात्याचे नाव.