तेलालाही वारा लागतो

मोटारसायकलच्या इंजिनात तेल कशासाठी, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, झीज होऊ नये म्हणून. पण हेच तेल इंजिनाच्या पोटातली उष्णताही बाहेर काढतं.

आपल्याकडच्या मोटारसायकली वर्षानुवर्षं वाऱ्यावर थंड होत आल्या. इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांना, म्हणजे फिन्सना, वारा लागला की भागायचं. २००१ साली आलेली बजाजची पल्सर त्यातलीच. २००७ मध्ये पल्सर २०० आणि २२० आल्या, तेव्हा इंजिनापुढे एक छोटी जाळी दिसली. तो ऑईल कूलर. गरम तेल नळीतून जाळीत येतं, वाऱ्यावर निवतं आणि परत आत जातं. कल्पना जुनीच. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलला पाण्याचा रेडिएटर नव्हता, पण ऑईल कूलर होता. त्यावर पंख्याचा वारा सोडलेला असे.

तेव्हा माझं मरोळला गॅरेज होतं. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मेट्रोचं काम चाललेलं, गाड्या तासन् तास खोळंबायच्या. कुरिअरचं काम करणारा एक मुलगा म्हणाला, "काका, गाडी फार तापते. नव्या गाड्यांना असतो तसला कूलर बसवून द्या ना."

दिला बसवून. तेल नेहमीच्या मापाने भरलं. चूक तिथेच झाली. जाळी आणि नळ्याही तेल पितात. म्हणून इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं, पातळी बघायची आणि कमी पडलेलं तेल भरायचं. घाईत मी ते केलं नाही. जुनी गाडी थोडं तेल खायचीच. आठवडाभरात मरोळ नाक्यावर इंजिन सीझ झालं. गाडी ढकलत आला, पण रागावला नाही. एवढंच म्हणाला, "काका, उद्या पाकिटं कशी पोचवू?"

इंजिन मी पदरच्या पैशाने बांधून दिलं आणि तोवर माझी स्कूटर त्याला दिली.

मग दुसरी गोष्ट उमगली. बीटलच्या कूलरला पंखा होता, आमच्या जाळीला नव्हता. गाडी उभी, तर वारा कुठला? २०१२ च्या पल्सर २०० एनएसला रेडिएटर आला, सोबत पंखाही.

जून २०१४ मध्ये मरोळ नाक्यावरून मेट्रो धावू लागली. कूलर मी पुढेही बसवले. पण तेलाची पातळी दोनदा पाहिल्याशिवाय एकही गाडी सोडली नाही.