धुवायचेच कशाला?

सर्किट बोर्डावर सुटे भाग सोल्डर केले की जोड नीट बसावा म्हणून लावलेल्या फ्लक्सची चिकट राळ मागे उरते. तिने ओल धरली की गंज चढतो, विजेची गळती होते. म्हणून बोर्ड धुवायचा. पण पेट घेणारा द्रव नको आणि प्लॅस्टिक खाणारा तर मुळीच नको.

या सगळ्या अटींत सीएफसी-११३ हे क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचे रसायन चपखल बसले. टाकीच्या तळाशी हा द्रव उकळत ठेवायचा. त्याला ४८ अंश सेल्सिअस तापमानही पुरते. वरच्या कडेला थंड नळ्यांची वेटोळी. मधल्या वाफेत बोर्ड सोडला की वाफ त्यावर जमून राळेसकट निथळते आणि बोर्ड कोरडा ठणठणीत बाहेर येतो. यापूर्वी मोटारी आणि यंत्रे पुसायला वापरले जाणारे कार्बन टेट्राक्लोराइड यकृताचा घात करी. त्यापुढे हे अगदीच साळसूद!

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी या साळसूदपणाचे बिंग फोडले. सीएफसी खालच्या हवेत मोडत नाहीत. ते थेट स्थितांबरात पोचतात आणि तिथे त्यांतून सुटलेला क्लोरीन ओझोनचा फडशा पाडतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड उघड झाले, १९८७ मध्ये सीएफसींना लगाम घालणारा माँट्रियल करार झाला.

पर्यायांची शोधाशोध सुरू झाली. १९८८ मध्ये एटी अँड टी आणि पेट्रोफर्म यांनी टर्पीनचे द्रावण पुढे आणले. संत्र्याच्या सालीतल्या तेलाच्या जातीचे हे रसायन राळ छान काढते, पण पेटते.

खरी अडचण मात्र रसायनशास्त्राची नव्हतीच. अमेरिकी लष्कराच्या मानकांत सीएफसी-११३ ची धुलाई ठाण मांडून बसली होती आणि इतर कारखानेही तीच मानके शिरोधार्य मानत. तुलनात्मक चाचण्यांत पर्याय तेवढेच चांगले ठरले, तेव्हा कुठे ही गाठ सुटली. कॅनडाच्या नॉर्दर्न टेलिकॉमने तर धुण्यालाच फाटा दिला: फ्लक्सच असा घेतला की मागे फारसे काही उरू नये. १९९२ च्या सुरुवातीला कंपनी सीएफसी-११३ मधून मोकळी झाली. द्रावकाचा आणि तो टाकून देण्याचा, दोन्ही खर्च वाचले.

भारत १९९२ मध्ये करारात आला. इथला प्रश्न वेगळा होता: लहान कारखान्यांत धातू पुसायला आणि कापडावरचे डाग काढायला कार्बन टेट्राक्लोराइडच चाले, कारण ते स्वस्त. तेही ओझोनला मारक, म्हणून त्याचा असा वापर २००९ अखेर बंद करायचे ठरले. त्या जागी आलेल्यांपैकी ट्रायक्लोरोएथिलीनचा ओझोनला जवळपास उपद्रव नाही. मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ते माणसांत कर्करोग घडवणारे द्रव्य ठरवले.