बोटांनी जोडलेले स्वर

पियानोवरचा स्वर जन्मताच मावळू लागतो. गवई श्वासाच्या बळावर स्वर धरून ठेवतो, सारंगीवादक गजाच्या बळावर. पियानोत मात्र हातोडी तारेवर आपटून मागे सरली की तो स्वर वाढविणे वादकाच्या हाती उरत नाही. पट्टी दाबून ठेवावी, तो नाद हळूहळू विरत जातो. बोट उचलावे, तो तारेवर गादी बसून नाद खुंटतो. अशा वाद्यावर स्वर एकमेकांस अखंड जोडून वाजविणे, ज्यास इटालियन भाषेत लेगाटो म्हणतात, कसे साधावे? नवशिका सहसा उजव्या पायाखालच्या पेडलचा आश्रय घेतो. ते दाबताच सर्व गाद्या एकदम उचलल्या जातात आणि स्वर एकमेकांत मिसळतात. परंतु मिसळणे निराळे आणि जोडणे निराळे. जोडण्याची विद्या मूळची बोटांची. ती बोटांत कशी उतरली, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

तिचा आरंभ पियानोच्याही आधीचा आहे. हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाई, आणि स्वर लांबविणारे पेडल त्यास नव्हतेच. १७१६ साली फ्रान्स्वा कूपरँ याने त्या वाद्याच्या वादनावर पुस्तक लिहिले. त्यात दाबलेली पट्टी न सोडता तिच्यावर दुसरे बोट आणण्याची युक्ती सांगितली आहे. पहिले बोट अशा रीतीने पुढील स्वरासाठी मोकळे होते. जर्मनीत योहान सेबास्टियन बाख याने १७२३ साली आपल्या ‘इन्व्हेन्शन्स’च्या मुखपृष्ठावर, वादनाला गायनाची रीत यावी, हा हेतू नमूद केला. त्याच्या तरुणपणी मोठमोठे वादकही अंगठा केवळ लांबचे अंतर गाठण्यापुरता वापरीत. बाखने त्या अंगठ्यास इतर बोटांच्या बरोबरीचे स्थान दिले. अंगठा बोटांखालून सरकू लागला आणि सप्तक न तुटता चढता येऊ लागले.

तथापि जोडून वाजविणे हा त्या काळचा सामान्य नियम नव्हता. बाखचाच पुत्र कार्ल फिलिप इमान्युएल १७५३ च्या आपल्या ग्रंथात सांगतो की, ज्या स्वरावर तोडण्याची, जोडण्याची वा धरण्याची खूण नाही तो त्याच्या निम्म्या कालमानापर्यंत धरावा. हे वळण पुढील अर्धशतकात पालटले. १८०१ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मुत्सिओ क्लेमेंटी याने लिहिले की, रचनाकाराने निवड वादकावर सोपविली असेल तेथे मुख्यतः जोडूनच वाजवावे.

याच क्लेमेंटीची २४ डिसेंबर १७८१ रोजी व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या योसेफपुढे मोझार्टशी चुरस झाली होती. त्या वेळी आपला ओढा झगमगाटाकडे होता. गाते वादन आपण पुढे नामवंत गायकांना ऐकून आणि सुधारलेल्या इंग्रजी पियानोंमुळे आत्मसात केले, असे त्याने पुढे आपल्या शिष्याजवळ कबूल केले. बेथोव्हनचा शिष्य चेर्नी सांगतो की, गुरूंनी त्यास सर्वांत अधिक लेगाटोच घोटविला, आणि मोझार्टचे वादन तुटक असल्याचा शेराही त्यांनी मारला.

हा शेरा आम्हांस एकतर्फी वाटतो. व्हिएन्नाच्या पियानोचा नाद आखूड व स्वच्छ, तर इंग्रजी पियानोचा भरदार व रेंगाळणारा. मोझार्टने १७७७ साली आउग्सबुर्गहून वडिलांस लिहिलेल्या पत्रात श्टाइनच्या पियानोची स्तुती केली आहे. तेथे स्वर लांबविण्याची कळ गुडघ्याने दाबावयाची असे. गुडघा किंचित मागे घेताच नादाचा लवलेशही उरत नाही, याचे त्यास कौतुक वाटले. ज्याच्या कानाला शब्दोच्चारासारखी स्पष्टता हवी होती, त्यास तुटक ठरविणे म्हणजे एका पिढीच्या मापाने दुसरीस मोजणे होय.

शोपँच्या हाती बोटांचा हा लेगाटो कळसास पोहोचला. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दहाव्या संचातील दुसऱ्या अभ्यासिकेत उजव्या हाताची शेवटची तीन दुबळी बोटे एकमेकांवरून ओलांडत अर्धस्वरांची लांब माळ ओवतात. उरलेली दोन बोटे त्याच वेळी साथीचे स्वर देतात. शिष्यांस तो इटालियन गायकांना ऐकण्याचा उपदेश करी. त्याचे मर्म असे की, मागचा स्वर विरता विरता जेवढा उरला असेल, त्याच्या मापानेच पुढचा उमटावा. म्हणजे तुटलेली जागा कानास जाणवत नाही. हे माप पायास कळत नाही. ते कानानेच घ्यावे लागते.

आपल्याकडच्या पेटीवाल्यास ही गोष्ट परकी वाटणार नाही. पेटीस असे पेडल नाही. बोट उचलले की स्वर थांबतो. तिच्यातून मींड निघत नाही, हा तिच्यावरचा एक मुख्य आक्षेप, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला मज्जाव होता. आक्षेप खोटा नव्हता. परंतु गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याच पेटीवर गाण्याची साथ केली, ती बोटे कानाच्या आज्ञेत ठेवून. पेडल टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. शोपँनेही ते टाकले नाही. मात्र जोडणी आधी बोटांना यावी. मग पायाने तिला रंग द्यावा.