गंजलेला मोटारपत्रा कापण्याची हत्यारे

मोटारीच्या बॉडीचा सडलेला भाग काढून तेथे नवा पत्रा बसवण्यासाठी लागणारी हत्यारे. बॉडीचा बाहेरचा पत्रा बहुधा ०.७ ते १ मिमी. जाडीचा असतो. तो कापणे सोपे. मागे उरणारी कड सपाट आणि वेल्डिंग धरण्याइतकी धड ठेवणे अवघड. म्हणून हत्यार निवडताना त्याच्या वेगापेक्षा ते कड कशी सोडते हे पाहावे.

गंज दिसतो त्याहून आत अधिक पसरलेला असतो. पत्र्यांच्या सांध्यात, दाराखालच्या पोकळ पेटीत (सिल) आणि चाकावरच्या कमानीत पाणी व चिखल अडकून राहतो. रंग आणि लांबी खरवडून, टोच्याने ठोकून धड पत्रा सापडला, की मगच कापाची रेघ आखतात.

सर्वांत प्रचलित हत्यार ग्राइंडर. त्याला १ मिमी. जाडीची कटिंग चकती लावावी. जाड चकतीने पत्रा तापून वाकतो. लांब, सरळ कापासाठी ग्राइंडर उत्तम. कोपऱ्यात मात्र चकती गोल असल्यामुळे काप रेघेपलीकडे जातो, म्हणून शेवटचा तुकडा कात्रीने किंवा ब्लेडने तोडतात. ठिणग्या काचेत रुततात. काचा आधी झाकाव्यात.

हवेवर चालणारी छोटी करवत वळणदार कापाला सोयीची. ती पत्रा फारसा तापवत नाही, पण तिला दमदार कॉम्प्रेसर हवा आणि पात्याचे दात बारीक, इंचाला २४ ते ३२, हवेत. निबलर पत्र्याचे बारीक चावे घेत पुढे सरकतो व कड सपाट सोडतो. दुहेरी सांध्यावर तो चालत नाही. हातकात्री छोट्या ठिगळाला पुरते. छन्नीने कड फाटते आणि मुडपते, त्यामुळे ती फक्त टाकून द्यायच्या पत्र्यावर चालवावी. गॅस कटिंग इतक्या पातळ पत्र्यावर करूच नये. प्लाझ्मा कटर वेगवान असला, तरी त्याचा झोत मागच्या पत्र्याला आणि वायरिंगला पोहोचतो.

पूर्ण पॅनेल बदलायचे असेल, तर मधोमध कापण्यापेक्षा कारखान्यातले स्पॉट वेल्ड सोडवणे केव्हाही चांगले. साधारण ८ मिमी.चा स्पॉट कटर फक्त वरचा पत्रा कापतो. खालची पट्टी शाबूत राहते आणि नवे पॅनेल मूळ जागी बसते.

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते. सिल हाच भार पेलतो. तो कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आधार वेल्ड करावा लागतो, नाहीतर बॉडी खचते आणि दार पुन्हा लागत नाही. अलीकडच्या गाड्यांच्या खांबांतील बोरॉनयुक्त पोलाद साध्या ड्रिलला दाद देत नाही. त्यासाठी कार्बाइडचे कटर लागतात आणि काप उत्पादकाने नेमलेल्या जागीच घ्यावा लागतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवणे आणि टाकीजवळ काप असल्यास पेट्रोलची टाकी उतरवणे आवश्यक आहे.