मालदीवची सहल : आधी बेट, मग तिकीट

'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द मराठीत सर्रास वापरले जातात. ज्या कवड्यांनी एके काळी बंगालच्या बाजारांत नाण्याचे काम केले, त्यांतील फार मोठा वाटा मालदीवच्या किनाऱ्यांवरून येत असे. त्याच मालदीवमध्ये आज पर्यटकाकडून डॉलरमध्ये हिशेब घेतला जातो. तेथील एका सहलीत मध्यमवर्गीय कुटुंबाची वर्षभराची शिल्लक सहज खर्ची पडू शकते. त्यामुळे या देशाची सहल आखताना छायाचित्रांपेक्षा नकाशा अधिक उपयोगी पडतो.

लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटाच्या दक्षिणेपासून विषुववृत्ताच्या पलीकडेपर्यंत आठशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात ही सुमारे १,१९० बेटे विखुरलेली आहेत. ती २६ कंकणाकृती प्रवाळद्वीपांत गुंफलेली आहेत. इंग्रजीतील 'अटॉल' हा शब्दच मुळी तेथील धिवेही भाषेतून जगभर गेला. या सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरते, आणि समुद्रसपाटीपासून तिची सरासरी उंची सुमारे दीड मीटर आहे. लोकवस्ती आहे ती दोनशेच्या आत-बाहेर बेटांवर.

एक बेट, एक रिसॉर्ट

मालदीवमध्ये पर्यटनाची सुरुवात १९७२ साली झाली. माले या राजधानीजवळच्या एका निर्जन बेटावर त्या वर्षी 'कुरुंबा' हे पहिले रिसॉर्ट उभे राहिले. पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' हेच सूत्र रूढ झाले. रिसॉर्टचे बेट म्हणजे एक स्वतंत्र वसाहत असते. तेथे बाजार नसतो, दुसरे उपाहारगृह नसते, की रस्त्यापलीकडे स्वस्त दुकान नसते. जेवण, पाण्याची बाटली, स्नॉर्केलिंगचे साहित्य, नौकाविहार या सर्वांसाठी एकच यजमान आणि त्याचेच दरपत्रक असते. गोव्याप्रमाणे 'पोहोचल्यावर पाहू' हा विचार येथे चालत नाही. बेट निवडले की प्रवासाचे साधन, आहार, खर्च आणि दिनक्रम ही सारी निवड त्याबरोबरच होऊन जाते.

दुसरा मार्ग २००९ नंतर खुला झाला. लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस चालविण्यास सरकारने परवानगी दिली आणि माफुशी, थुलुस्धू, धिगुरा, थोड्डू यांसारखी गावे पर्यटकांच्या परिचयाची झाली. येथे खोल्यांचे दर रिसॉर्टच्या मानाने बरेच कमी असतात, जेवणासाठी पर्याय असतात आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष मालदीव दिसतो. सायंकाळी बंदरावर परतणाऱ्या धोणी, मशिदीची अजान, उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या थाना लिपीतील पाट्या, हे सारे रिसॉर्टच्या बेटावर सहसा भेटत नाही. अनेक जण आता तीन रात्री गावात आणि एक रात्र रिसॉर्टवर अशी विभागणी करतात. काही रिसॉर्टमध्ये केवळ दिवसापुरता प्रवेशही मिळतो.

विमानतळानंतरचा प्रवास

मुंबईहून माले सुमारे तीन तासांच्या अंतरावर आहे. वेलाना विमानतळ हुलुले या बेटावर असून २०१८ पासून तो पुलाने मालेला जोडलेला आहे. मात्र खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. उत्तर व दक्षिण माले अटॉलमधील बेटांना स्पीडबोटीने जाता येते. दूरच्या रिसॉर्टसाठी सीप्लेन घ्यावे लागते. त्याचे परतीसह भाडे माणशी साधारण चारशे ते सहाशे डॉलर पडते. सीप्लेन केवळ दिवसाउजेडी उडते. भारतातून येणारे विमान दुपारनंतर उतरत असेल, तर ती रात्र माले किंवा हुलुमाले येथे काढावी लागते आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून आधी बेट आणि तेथे नेणारे वाहन निश्चित करावे, त्याची वेळ विचारावी आणि मगच विमानाचे तिकीट काढावे. सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा सहसा २० किलो, शिवाय हाती ५ किलो एवढीच असते, हेही ध्यानात ठेवावे.

गावांकडे जाणाऱ्या सार्वजनिक फेरीबोटी स्वस्त असल्या, तरी त्यांचे वेळापत्रक ठरलेले असते आणि शुक्रवारी बहुतेक फेऱ्या बंद असतात. शुक्रवार-शनिवार ही तेथील साप्ताहिक सुटी होय.

दरपत्रकामागचा हिशेब

संकेतस्थळावर दिसणारा दर आणि प्रत्यक्ष बिल यांत मोठे अंतर पडते. बिलात १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन वस्तू व सेवा कर लागतो. कराचा हा दर जुलै २०२५ पासूनचा आहे. याखेरीज हरित कर आहे. जानेवारी २०२५ पासून तो रिसॉर्टमध्ये माणशी दररोज १२ डॉलर, तर वस्तीच्या बेटांवरील ५० पर्यंत खोल्यांच्या गेस्ट हाऊसमध्ये ६ डॉलर आहे.

एक उदाहरण पाहता येईल. एका दांपत्याने रात्रीला ३०० डॉलर दराची खोली चार रात्रींसाठी घेतली. मूळ रक्कम झाली १,२०० डॉलर. सेवाशुल्काचे १२० डॉलर आणि कराचे सुमारे २२४ डॉलर मिळवले, हरित कराचे ९६ डॉलर धरले, की आकडा १,६४० वर जातो. सीप्लेनचे प्रत्येकी ५०० डॉलर मिळवल्यावर तो २,६४० डॉलर होतो. म्हणजे मूळ दराच्या दुपटीहून अधिक, आणि त्यात अजून जेवण धरलेलेच नाही. त्यामुळे चौकशी करताना 'सर्व करांसह, ने-आण धरून एकूण किती' एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. केवळ न्याहारीचा दर स्वस्त वाटला, तरी दोन वेळचे जेवण रिसॉर्टच्या दरात घेतल्यास 'फुल बोर्ड' योजना बहुधा किफायतशीर ठरते.

केव्हा जावे?

डिसेंबर ते एप्रिल हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा कोरडा काळ. समुद्र शांत आणि आकाश स्वच्छ असते. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस सर्वांत कमी असतो. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात दर शिखरावर असतात. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. शाळांच्या मे महिन्याच्या सुटीत दर उतरलेले दिसतात, त्याचे कारण हेच. दिवसभर संततधार सहसा लागत नाही. परंतु वारा आणि लाटांमुळे स्पीडबोटीचा प्रवास त्रासदायक होऊ शकतो. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असल्यास या काळात विमानतळाजवळचे बेट निवडावे. याउलट बा अटॉलमधील हनिफारू उपसागरात मांटा रे हे महाकाय मासे याच पावसाळी महिन्यांत गोळा होतात. बा अटॉलला युनेस्कोने २०११ साली जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला असून, हनिफारूमध्ये स्कूबा डायव्हिंगला बंदी आहे. केवळ स्नॉर्केलिंग करता येते. दक्षिण आरी अटॉलच्या परिसरात देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, वर्षभर दिसण्याची शक्यता असते.

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांनी शेवटची बुडी आणि विमानप्रवास यांत किमान १८ ते २४ तासांचे अंतर ठेवावे. प्रवाळरांगांमधील खाड्यांत प्रवाह वेगवान असतात. तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंग केलेले असले, तरी स्थानिकांना विचारल्याशिवाय रांगेपलीकडे जाऊ नये.

नियम आणि रीत

भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसाची गरज नाही. वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि निवासाचे आरक्षण दाखवावे लागते. प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत 'इमुगा' या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य माहितीपत्र भरावे लागते.

मालदीवचा राजधर्म इस्लाम आहे. मद्य आणि डुकराचे मांस देशात नेता येत नाही; पूजेसाठीच्या मूर्ती नेण्यासही सीमाशुल्क विभागाची मनाई आहे. ई-सिगारेटवर २०२४ च्या अखेरीपासून बंदी आहे. मद्य केवळ रिसॉर्टवर आणि परवाना असलेल्या नौकांवर मिळते, गावांत नाही. गावांत पोहण्याचे कपडे फक्त नेमून दिलेल्या किनाऱ्यावर चालतात; इतरत्र खांदे व गुडघे झाकलेले असावेत. रमजानमध्ये गावांतील बरीच उपाहारगृहे दिवसा बंद असतात. न्याहारीला पोळीसारख्या रोशीबरोबर टुना मासा व खोबरे यांची 'मस हुनी' हमखास असते. शाकाहारी कुटुंबांनी आरक्षणाच्या वेळीच विचारणा करावी.

प्रवाळाचे तुकडे आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. यामागचे कारण कायद्यापुरते मर्यादित नाही. ही बेटे प्रवाळांच्या अवशेषांतूनच घडली आहेत आणि जिवंत प्रवाळरांगच लाटांचा जोर अडवते. १९९८ आणि २०१६ च्या उष्ण वर्षांत प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. २००४ च्या त्सुनामीत ८० हून अधिक माणसे दगावली. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणाऱ्या केंद्राला आग लागली, तेव्हा भारताने विमाने व जहाजांतून पिण्याचे पाणी पोहोचविले. नळाचे पाणी, फळे, भाज्या, इंधन यांपैकी काहीच येथे सहज मिळत नाही, आणि टाकलेली प्रत्येक प्लास्टिकची बाटली कुठल्या तरी बेटावरच पडून राहते.

म्हणूनच सामानात स्वतःची पाण्याची बाटली असावी, आणि पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय ठेवू नये. सहलीचा हिशेब डॉलरमध्ये कितीही मोठा झाला, तरी तेथील रहिवाशांच्या पायाखालची जमीन त्या प्रवाळावरच उभी आहे.