धुराशिवायचा अग्नी

आजचा विषय वाचून एक-दोघे हसले. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक वर्कशॉपच्या शेगडीवर काय बोलणार? पण तुम्ही जानेवारीत पहाटे देवळ्यातल्या वेल्डिंगच्या दुकानापाशी जाऊन बघा. ट्रॅक्टरची ट्रॉली, कांदाचाळीचे अँगल, सगळं लोखंड इतकं गार की हात लावला तर बोटं बधिर. मग पोरं शटर निम्मं खाली ओढतात आणि घमेल्यात काहीतरी पेटवतात. त्यात काय पेटवावं, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

सुरुवात लोहारापासून करू. त्याच्या भट्टीत लोणारी कोळसा असायचा. लाकूड का नाही? लाकडात पाणी असतं, ते उडवण्यातच बरीच उष्णता जाते. लोणारी लोक लाकूड मातीखाली कोंडून, बेताची हवा देऊन जाळायचे. पाणी आणि धूर करणारे वायू तिथेच निघून जायचे. उरलेला कोळसा किलोमागे सुक्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतो, आणि धूर जवळपास नाहीच.

आता थोडं माझ्या विषयाचं. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण अग्नीवरून धुराचं अनुमान होत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त याचं कारण आहे. धूर व्हायला अग्नीचा ओल्या इंधनाशी संयोग लागतो. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. लोणाऱ्याने तर्कशास्त्र न वाचता ती उपाधीच काढून टाकली!

पण इथेच माणूस फसला. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं त्याने धरून चाललं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. कडाक्याची थंडी होती, म्हणून थोरल्या भावाने शेगडी खोलीत आणली आणि दार-खिडकी लावून घेतली. निखारे लालबुंद, धुराचा पत्ता नाही. माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. भाऊ म्हणाला, झोप, बरं वाटेल. आई पाणी प्यायला उठली, तिने दार उघडलं आणि आम्हा दोघांना ओढत ओट्यावर आणलं. ‘शेगडी अंगणातली, खोलीतली नव्हे,’ एवढंच बोलली. तिला कारण ठाऊक नव्हतं, नियम ठाऊक होता.

कारण फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी १८५७ साली मांडलं होतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनवरची त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त. त्याला रंग नाही, वास नाही. १८९० च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉन हॉल्डेन यांनी खाणकामगारांना सोबत छोटे प्राणी न्यायला सुचवलं ते यासाठीच. प्राणी आधी कोसळला की माणसाने बाहेर पळायचं.

मग आलं रॉकेल. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांचा दाबाचा स्टोव्ह १८९२ चा. पुढे तो आपल्या घरोघरी फरफरला, आणि आपण रेशनच्या निळ्या रॉकेलसाठी रांगा लावल्या. पण एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन हवेत जातं. बंद वर्कशॉपमध्ये ते गार लोखंडावर दवासारखं बसतं, आणि काल घासून ठेवलेल्या पत्र्यावर आज गंज!

सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ साली बर्मा-शेलने आणला. तो स्वच्छ जळतो, गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात. पण तो हवेच्या दीड ते दोन पट जड. गळला की जमिनीलगत पसरतो, आणि गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायला जो खड्डा असतो, त्यात साचतो. वाफ त्याचीही होते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही होतो.

म्हणजे ‘कोणतं इंधन चांगलं?’ हा प्रश्न अर्धाच आहे. इथेही एक उपाधी लपलेली आहे: हवेची वाट. उघड्या पडवीत लोणारी कोळसा उत्तम, शटर लावलं की तोच वैरी. आपण शतकभर उष्णता, किंमत आणि धूर बघत आलो. जळून जे तयार होतं ते जातं कुठे, हे विचारायचं राहिलं.

देवळ्याच्या पोरांना मी एवढंच सांगतो. वीज असेल तर विजेचा हीटर बरा, त्यात काही जळत नाही. गॅस लावलात तर समोरासमोर दोन वाटा उघड्या ठेवा, सिलिंडर खड्ड्यापासून लांब ठेवा. पेट्रोल, थिनर असेल तिथे कसलीच ज्योत नको. निखारे बाहेर. आणि झोपताना काहीही पेटतं ठेवू नका.

आज घरी जाताना निम्म्या शटरखालून लाल उजेड दिसला, तर दोन मिनिटं थांबा. आतल्यांना हाक मारा आणि शटर वर करायला लावा. धूर दिसत नाही, म्हणूनच थांबायचं.

आता प्रश्न घेऊ.