ढगाचें चित्र

सिन्नरच्या गोंदेश्वरासमोर पावसाळ्यांत उभें राहिल्यास दोन भिन्न जातींच्या वस्तू एकदम नजरेंत भरतात. मंदिर काळ्या दगडाचें. प्रकाशकिरण त्याच्या पृष्ठभागावर आदळून मागें फिरतो. वरच्या ढगाला मात्र पृष्ठभागच नाहीं. जागोजागीं जलकणांची कमीअधिक दाटी, एवढेंच त्याचें स्वरूप. संगणकाच्या चित्रविद्येला दगड लौकर साधला; ढगानें तिला बराच काळ चकविलें.

दाटीचा नियम तसा जुना आहे. पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं तो १७२९ मध्यें मांडला. एका थरांतून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर दोन थरांतून चतुर्थांश होतो. दहा थरांनंतर १,०२४ वा भागच उरतो. गाभाऱ्यांतील धुपाच्या धुराचें चित्र साधलें, म्हणून तोच धूर शंभरपट वाढवून कोणी आकाशांत ढग म्हणून ठेवला, तर तो शिळेसारखा घट्ट दिसेल. किरणाची वाट शंभरपट लांबली, दाटीचा आंकडा मात्र तोच राहिला! तो शंभरानें भागला कीं धूर पुन्हा धूर होतो. ही चूक आजहि नित्य घडते, आणि दोष बहुधा बिचाऱ्या दिव्याला दिला जातो.

१९८२ सालीं जेम्स ब्लिन यांनीं शनीचीं कडीं रेखाटण्यासाठीं अशा कणसमूहांचें गणित केलें. प्रकाश कणावरून एकदांच उसळतो, असें त्यांत गृहीत होतें. काळसर धुळीला तें चालतें, ढगाला नाहीं. पाण्याचा कण दृश्य प्रकाश जवळजवळ गिळीतच नाहीं. प्रकाश अनेक कणांवरून उसळत बाहेर येतो, म्हणून ढग पांढरा. एकाच उसळीवर थांबलेल्या हिशेबांतून काजळी निघते. १९८४ मध्यें काजिया व फॉन हर्झेन यांनीं अनेक उसळ्यांचाहि विचार केला.

तथापि काळा ढग प्रत्येक वेळीं चूकच असतो, असें नाहीं. पर्जन्यछायेंतल्या सिन्नरचा शेतकरी काळ्या तळाच्या ढगाचीच वाट पाहतो. जाड ढगाच्या माथ्यावरूनच पुष्कळसा प्रकाश परततो. तळाशीं थोडाच पोंचतो. तेव्हां चित्र तपासतांना उन्हांतला माथा पाहावा. तोहि काळा असेल, तर उसळ्या कमी पडल्या.

दुसरा दोष पट्ट्यांचा. संगणक किरणाच्या वाटेवर ठरावीक पावलांनीं दाटी मोजतो; पावलें लांब पडलीं कीं ढगांत लांकडांतील रेषांसारखे पट्टे उमटतात. पाऊल निम्में केलें, तर ज्या पावलांतून चतुर्थांश प्रकाश जात होता, त्याच्या अर्ध्यांतून निम्मा जाऊं दिला पाहिजे. हें विसरलें कीं पट्टे जातात, पण ढग काळवंडतो. प्रत्येक किरणाचें पहिलें पाऊल स्वैरपणें थोडें मागेंपुढें टाकण्याचीहि रीत आहे. तिनें पट्ट्यांच्या जागीं बारीक कणी येते. डोळ्याला ती तितकी खुपत नाहीं.